फक्त शिरेतून

ही पुस्तिका लिहिणाऱ्या चौघी सिस्टर पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या खर्ड्यावर नाव होतं, ‘केमोथेरपीविषयी सर्व काही’. आत बावीस औषधं. मी विचारलं, हे वाचणार कोण? ज्याच्या मुलाला परवाच ब्लड कॅन्सर सांगितलाय, तो बाप फाईल, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि रक्तपेढीची चिठ्ठी सांभाळत दिवसभर जिने चढउतार करतोय. त्याला बावीस औषधं वाचायला सवड कुठली? एकच घ्या, पण धड घ्या. कोणतं घ्यायचं यावर वाद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. चौघींच्या तोंडून एकच नाव आलं: विन्क्रिस्टीन.

तीस वर्षं मी रुग्णालयांच्या औषध विभागात काढली, त्यातली बरीचशी केमो तयार करायच्या खोलीत, काचेच्या कॅबिनेटमध्ये हात घालून. विन्क्रिस्टीनची कुपी बोटाच्या पेराएवढी. आतलं औषध पाण्यासारखं, एका मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम. फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायची, उजेड लागू द्यायचा नाही. कॅन्सरच्या औषधांच्या भावात ही कुपी म्हणजे किरकोळ खरेदी. डॉक्सोरुबिसिनला लोक टरकून असतात, कारण ते लालभडक असतं, लघवीही लाल होते आणि उलट्या काढतं ते वेगळंच. वॉर्डात त्याला नुसतं ‘लाल इंजेक्शन’ म्हणतात. विन्क्रिस्टीनला कुणी टोपणनाव ठेवलं नाही. त्याने फारशा उलट्या होत नाहीत, पांढऱ्या पेशीही इतर औषधांइतक्या उतरत नाहीत. गरीब औषध, असंच सगळे समजतात. माझ्या मते खरा धोका या समजुतीत आहे.

हे औषध आलं कुठून, हे सांगितलं की लोक हसतात. दारातल्या सदाफुलीतून. जांभळट-गुलाबी किंवा पांढऱ्या पाच पाकळ्यांची, पाणी घातलं नाही तरी तग धरणारी, देवाच्या फुलांत शेवटचा नंबर असलेली सदाफुली. मूळची ती मादागास्करची. तिथून उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली. अनेक ठिकाणी लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, आणि त्या काढ्यामुळेच शास्त्रज्ञांची नजर तिच्याकडे वळली.

त्याआधी एक नाणं उडवल्याची हकीकत सांगायला हवी. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग यांनी इन्सुलिनचं काम सुरू केलं. उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली आधी कुणी राबायचं हे ठरवायला दोन विद्यार्थ्यांनी नाणेफेक केली. चार्ल्स बेस्ट जिंकले आणि इन्सुलिनच्या इतिहासात गेले. हरले ते क्लार्क नोबल. तीस वर्षांनी, 1952 मध्ये, याच क्लार्क नोबल यांना जमैकाहून एका रुग्णाने पाकिटातून सदाफुलीची पानं पाठवली: इथे लोक याचा काढा साखरेवर घेतात, बघा काही सापडतं का. क्लार्क यांनी पाकीट धाकट्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे, कॅनडातल्याच लंडन गावी वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात पाठवून दिलं.

उंदरांना अर्क तोंडाने दिला. साखर हलली नाही. मग टोचून दिला. साखर तरीही हलली नाही, पण उंदीर मेले. जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या आणि हाडांतला मगज ओस पडला होता. दुसऱ्या कुणी ‘प्रयोग फसला’ असं लिहून वही मिटली असती. रॉबर्ट नोबल यांच्या मनात आलं, पांढऱ्या पेशी मारणारं हे जे काही आहे, ते पांढऱ्या पेशींच्याच कॅन्सरवर चालेल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांच्याबरोबर त्यांनी त्या अर्कातून विन्ब्लास्टीन वेगळं काढलं आणि 1958 मध्ये जगापुढे मांडलं. तिकडे अमेरिकेत इंडियानापोलिसला एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि सहकारी याच झाडाच्या मागे होते. त्यांना त्याचं जुळं भावंड सापडलं, विन्क्रिस्टीन. 1963 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

जुळं भावंड शब्दशः. दोन्ही रेणू डोंगराएवढे, आणि फरक एका कोपऱ्यातल्या एका गटाचा: विन्ब्लास्टीनमध्ये तिथे मिथाइल, विन्क्रिस्टीनमध्ये फॉर्माइल. एवढ्यावर एक हाडांच्या मगजाला मारतं आणि दुसरं नसांना. शिवाय विन्क्रिस्टीन पानांत इतकं थोडं असतं की काही ग्रॅमसाठी पोत्यांमागून पोती वाळकी पानं लागतात. म्हणून कारखान्यात बहुतेक वेळा आधी विन्ब्लास्टीन काढतात आणि त्याचं विन्क्रिस्टीन करतात. हे तंत्र आपल्याकडे बसवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे आपल्या पाषाणच्या एनसीएलचा, मोठा वाटा आहे. ए. व्ही. रामा राव यांच्या गटाने तिथे ही दोन्ही औषधं झाडातून काढण्याची पद्धत तयार केली आणि सिप्लाने ती बाजारात आणली. मादागास्करला मात्र या सगळ्यातून काही मिळालं नाही. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, आणि कुणीतरी ते मराठीत लिहायला हवं.

आता उपयोग. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरपैकी जो सर्वांत जास्त आढळतो, ज्याला डॉक्टर ‘ए.एल.एल.’ म्हणतात, त्यात हे औषध पहिल्या दिवसापासून असतं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, जोडीला स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी गाल फुगतात आणि पोरगं रात्री दोनला उठून वरणभात मागतं. 1950च्या आधी हा आजार झालेलं मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगत असे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइक यांनी चार औषधं एकत्र देण्याचं धाडस केलं, त्यातलं एक विन्क्रिस्टीन. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे आकडा खाली राहतो त्याचा दोष औषधाकडे फारसा जात नाही. अर्ध्यावर सुटलेले उपचार, जंतुसंसर्ग आणि गावाहून येण्याजाण्याचा खर्च, हे तिघे मिळून तो खाली ओढतात. परळला टाटाला येणाऱ्या कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागेचा आधार नसता, तर तो आणखी खाली गेला असता.

मोठ्यांच्या लिम्फोमात, मुलांच्या मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये, स्नायूंच्या आणि डोळ्यांच्या काही गाठींतही ते वापरतात. त्याची यादी आत आहे, इथे देत बसत नाही.

ते काम कसं करतं हे मात्र सांगते, कारण पुढचे सगळे त्रास त्यातूनच निघतात. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या आत बारीक तंतूंचा ताणा उभा राहतो, मागावर असतो तसा. हे तंतू गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना ओढून घेतात आणि वाटणी होते. तंतू घडतात ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकापुढे एक जोडून. विन्क्रिस्टीन त्या कणांना चिकटतं आणि तंतू उभेच राहू देत नाही. पेशी वाटणीच्या ऐन मध्यावर अडकते आणि मरते. सतत दुभंगत राहणं हाच कॅन्सरच्या पेशीचा धर्म, त्यामुळे ती जास्त अडकते.

पण असेच तंतू नसांतही असतात. तिथे ते रुळांसारखे अंथरलेले, त्यांवरून मालाची ने-आण चालते. रूळ उखडले की सगळ्यात आधी शेवटचं स्टेशन उपाशी पडतं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा कमरेपासून पावलापर्यंत जातात. म्हणून पहिली तक्रार पायाची.

ही तक्रार डॉक्टरांआधी आई ओळखते, आणि तीही चपलेवरून. सात वर्षांचा एक मुलगा आठवतो. चौथ्या इंजेक्शनला आला तेव्हा आई खिडकीशी मला म्हणाली, ‘मॅडम, याच्या पायात चप्पल ठरंना. चालता चालता मागंच राहती.’ ती चप्पल मोठी झाली असेल म्हणून दुसरी आणायला निघाली होती. मी त्याला टाचांवर चालायला सांगितलं. जमेना, पावलाचा पुढचा भाग उचलतच नव्हता. मी डॉक्टरांना आत निरोप दिला. त्या दिवशी डोस देण्याआधी त्याची पुन्हा तपासणी झाली, मग डोस कमी झाला, फिजिओथेरपी लागली. अशी पावलं बहुतेक वेळा महिन्यांनी परत उचलू लागतात, मात्र कुणी वेळेवर पाहिलं तर. या पुस्तिकेतलं ‘टाचांवर चालवून बघा’ हे चित्र त्या मुलावरून आलं आहे. शर्टाचं बटण लावता येतं का, पेन्सिल धरता येते का, पहिला घास चावताना जबडा दुखतो का, हेही विचारायचं.

दुसरी तक्रार लोक लाजेने सांगत नाहीत: पोट साफ न होणं. आतड्याच्या नसाही मंदावतात. चार-चार दिवस शौचाला होत नाही, पोट फुगतं, दगडासारखं लागतं. आजी म्हणते एरंडेल द्या, कुणी एनिमा सुचवतं. पेशी उतरलेल्या असताना गुदद्वारातून काहीही घालणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. औषधाच्या पहिल्या दिवसापासून डॉक्टर पोट मऊ ठेवणारं औषध देतात ते यासाठीच. ‘आम्हाला गरज नाही पडत’ म्हणून ते पिशवीतच ठेवणारे पालक मी फार पाहिले.

हे औषध यकृतातून निघतं, तेव्हा यकृत दुसऱ्या कामात अडकलं की ते अंगात साठतं. कावीळ असेल तर डोस कमी करावा लागतो. बुरशीच्या संसर्गावर जी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल अशी औषधं देतात, ती याचा निचरा अडवतात. दोन्ही एकदम चालू असली तर नसांची दुखणी एकदम बळावतात. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी नायट्यासाठी गोळ्या लिहून दिल्या आणि वॉर्डात कुणाला माहीतच नव्हतं, असं घडतं. म्हणून बाहेरची प्रत्येक चिठ्ठी फाईलला लावा. घराण्यात कुणाच्या पोटऱ्या लहानपणापासून बारीक आणि पावलं कमानदार असतील तर तेही सांगा. शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात हे औषध देतच नाहीत.

डोस अंगाच्या पृष्ठभागावर ठरतो. मुलाचं क्षेत्रफळ 0.8 चौरस मीटर आणि दर चौरस मीटरला 1.5 मिलिग्रॅम, म्हणजे 1.2 मिलिग्रॅम. आमच्या खोलीत हा गुणाकार दोघांनी वेगवेगळा करायचा आणि मग उत्तरं ताडून पाहायची, असा नियम होता. 1.2 लिहिताना टिंब पुसट आलं तर ते 12 होतं. बहुतेक ठिकाणी एका वेळी 2 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही अशी मर्यादा असते, माणूस कितीही धिप्पाड असो.

शिरेतून देताना सुई हलली आणि औषध कातडीखाली गेलं, तर तिथलं मांस जळतं. सलाईन ‘जरा चुरचुरतंय’ असं मूल म्हणालं तर ते कुरकुरतंय असं समजू नका, तिथेच थांबवायला सांगा. आणि इथे वॉर्डातला एक पेच आहे. लाल इंजेक्शन असं बाहेर गेलं तर बर्फाचा शेक देतात; विन्क्रिस्टीन गेलं तर गरम. एकाच्या सवयीने दुसऱ्याला शेकलं की नुकसान वाढतं. शिकाऊ सिस्टरांसाठी पुस्तिकेत हे पान मुद्दाम लाल आणि पिवळ्या दोन रंगांत छापलं आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

ब्लड कॅन्सरच्या पेशी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात लपून बसतात. शिरेतून दिलेली बरीचशी औषधं तिथे नीट पोचत नाहीत. म्हणून मुलाला कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी आणून, कमरेतून मणक्याच्या पाण्यात औषध सोडतात. लोक याला ‘पाठीतलं इंजेक्शन’ म्हणतात. त्यासाठी मेथोट्रेक्सेट किंवा सायटॅराबीन. आणि अनेकदा त्याच दिवशी, त्याच मुलाला, शिरेतून विन्क्रिस्टीन. मेथोट्रेक्सेट पिवळसर असतं, रंगावरून निदान शंका तरी येते. सायटॅराबीन पाण्यासारखं. विन्क्रिस्टीनही पाण्यासारखं.

शिरेतून दिलेलं विन्क्रिस्टीन वाचवतं. तेवढंच, त्याच सिरिंजमधलं, मणक्यात गेलं तर पायांपासून लकवा चढत वर येतो आणि माणूस बहुतेक वेळा दगावतो. त्याला उतारा नाही; जे थोडे जगले ते तत्काळ मणक्यातलं पाणी धुऊन काढल्याने, आणि बहुधा अपंग होऊन. असा पहिला प्रसंग 1968 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आला. तरी जगभर तो पुन्हा पुन्हा घडत राहिला. जानेवारी 2001 मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला अठरा वर्षांच्या एका मुलाच्या बाबतीत घडला. आजार आटोक्यात आला होता, उपचार शेवटाकडे होते. पाठीत सायटॅराबीन द्यायचं होतं, सिरिंजा दोन्ही एकत्र आल्या. एका डॉक्टरने लेबलवरचं नाव मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने हो म्हटलं. मुलगा महिनाभराने गेला. पुढे झालेल्या चौकशीत एकच मोठी चूक सापडली नाही. सापडल्या त्या बारीकबारीक कितीतरी, एकीला दुसरी लागून.

माझ्यावरही एकदा ही वेळ येता येता राहिली. कोणतं रुग्णालय ते सांगत नाही. उन्हाळ्याची सुट्टी, दोन माणसं रजेवर, आणि मी दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये ठेवून पाठवल्या. लेबलं हाताने लिहिलेली, माझ्याच अक्षरात. ओटीत निवासी डॉक्टरने हात पुढे केला आणि एका सिस्टरने ट्रे मागे ओढला. ‘सर, हे शिरेतलं आहे. हे इथं आलंच कसं?’ ती आज या पुस्तिकेच्या चार लेखिकांपैकी एक आहे. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जेवले नाही, एवढंच सांगते.

त्यानंतर मला पटलं की ‘लक्ष ठेवा’ या सूचनेचा उपयोग नसतो. लक्ष सगळेच ठेवत असतात. उपाय असा हवा की चूक करायची म्हटलं तरी हाताला जमू नये. तो उपाय आहे, आणि हसू येईल इतका साधा आहे: विन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरायचंच नाही. 50 मिलिलिटर सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून, काही मिनिटांत शिरेतून सोडायचं. पाठीत सोडतात ते काही मिलिलिटर. एवढी पिशवी घेऊन कुणी कमरेत सुई लावायला बसत नाही. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितलं, सोबत लेबलावर ठळक सूचना: फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास जीवघेणं. आता पाठीच्या सुईचं तोंडही वेगळ्या मापाचं मिळतं, साधी सिरिंज त्यात बसत नाही. ते महाग आहे. पिशवी महाग नाही. तरीही कितीतरी ठिकाणी ‘आमच्याकडे सिरिंजनेच चालतं’ हे ऐकायला मिळतं, आणि प्रत्येक वेळी मला तो ट्रे दिसतो.

म्हणून पालकांना इथे एक प्रश्न पाठ करून घ्यायला सांगितला आहे: ‘आज पाठीतलं कोणतं आणि शिरेतलं कोणतं?’ विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. ज्या डॉक्टरांना राग येईल त्यांनी हे पान आधी वाचावं.

घरच्या काळजीचं प्रकरण लहान आहे, पण ते आजीसाठी मोठ्या टाइपात घेतलं आहे. औषधानंतर दोन दिवस मुलाची लघवी, शी, उलटी साफ करताना हातमोजे घालायचे, फ्लश झाकण लावून करायचा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिने करायचं नाही. रुग्णालयातल्या रिकाम्या कुपीला आणि नळीलाही वेगळी पिवळी, सायटोटॉक्सिकची खूण असलेली पिशवी लागते. 2016च्या नियमांनुसार हा कचरा 1200 अंशांच्या वर जाळायचा असतो. हे मावशींनाही सांगावं लागतं, कारण कचरा शेवटी त्यांच्याच हातातून जातो.

मुखपृष्ठावरून थोडी कुरबुर झाली. चौघींना सदाफुली हवी होती, पाच पाकळ्यांची, सुंदर दिसली असती. मी अडून बसले. व्हॉट्सॲपवर आधीच फिरतंय, रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावा, कॅन्सर जातो, साखर जाते. एक आजोबा नातवाला औषध ‘निसर्गातूनच’ मिळावं म्हणून पानांचा रस देत होते, आणि वर इंजेक्शनही चालू. पानात विन्क्रिस्टीन किती, विन्ब्लास्टीन किती, बाकीची डझनावारी रसायनं कोणती, याचा हिशेब कुठल्याच पेल्यात नसतो. मुखपृष्ठावर फूल आलं तर पानं खाणारे वाढतील, असं माझं म्हणणं. शेवटी 50 मिलिलिटरची पिशवी घ्यायची ठरली. दिसायला अगदीच रटाळ चित्र आहे, मान्य. पिशवीवर मराठीत मोठं लेबल: फक्त शिरेतून.

पहिलं प्रूफ आलं ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. छापखान्यातल्या मुलाने टाइप केलं होतं, ‘फक्त शिरातून’. म्हणजे डोक्यातून. एका मात्रेच्या जागी काना. फोन केला तर तो म्हणाला, ‘मॅडम, अर्थ तोच ना?’ मी त्याला दुरुस्तीसाठी पुन्हा प्रूफ पाठवायला सांगितलं, आणि ते आल्यावर त्या ट्रेवाल्या सिस्टरकडेही पाठवलं, तिनेही वेगळं वाचून सही करावी म्हणून.